सोऱ्या कुठे आहे? : घरसामानाच्या ॲपची पहिली आवृत्ती आखताना

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीला आठवडा उरला असताना, मी स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे एकेक करून खाली देत होते आणि सासूबाई ते उघडून पाहत होत्या. चकलीची भाजणी दळून आली होती, पण सोऱ्या सापडत नव्हता. शेवटी नवा विकत आणला, आणि संक्रांतीच्या सुमारास जुना सोऱ्या मोठ्या इडलीपात्राच्या आत, सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला मिळाला. त्याच सुमारास मला नोकरीतल्या कामापलीकडे स्वतःचे असे एक ॲप पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचे होते, म्हणून घरातल्या वस्तूंची नोंद हाच विषय मी घेतला. पहिला प्रकल्प हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्याच्या आखणीचा अनुभव येथे लिहीत आहे.

माझी पहिली यादी सुविधांची होती : बारकोड, संपत आलेल्या किराण्याची आठवण, घरातल्या सर्वांच्या फोनवर एकच नोंद, खर्चाचा आलेख. ही यादी घेऊन मी महिनाभर बसले आणि एकही ओळ लिहून झाली नाही, कारण यातले आधी काय करायचे हे ठरवायला माझ्याकडे काही आधारच नव्हता. मग मी फ्रिजवर एक वही टांगली आणि घरात कोणीही कोणत्याही वस्तूबद्दल काही विचारले की तो प्रश्न जसाच्या तसा तीत लिहायचा, असे ठरवले. आठवड्याभरात एकतीस प्रश्न जमले. त्यातले बावीस ‘अमुक कुठे आहे?’ या प्रकारचे होते, पाच बिल किंवा वॉरंटीचे, आणि चारच ‘साखर संपली का?’ अशा धर्तीचे. त्या वहीनंतर पहिल्या आवृत्तीचे काम मला एका वाक्यात मांडता आले : वस्तूचे नाव टाकले की ती कुठे आहे हे कळले पाहिजे. नवख्या माणसाने कोड लिहायला बसण्यापूर्वी अशी एखादी वही ठेवावी, असे मी मनापासून सुचवते.

त्यानंतरचा महत्त्वाचा निर्णय नोंदींच्या रचनेचा होता. सुरुवातीला मी प्रत्येक वस्तूपुढे ‘खोली’ आणि ‘कपाट’ असे दोन रकाने ठेवले होते. पण आमच्या माळ्यावर निळ्या पत्र्याची एक पेटी आहे, तिच्यात डबे आहेत आणि डब्यांत वस्तू, तेव्हा दोन रकाने पुरणार नव्हते. म्हणून ‘जागा’ असा एक तक्ता केला आणि प्रत्येक जागेला तिची वरची जागा कोणती ते सांगणारा एक रकाना दिला. घरात स्वयंपाकघर, त्यात माळा, माळ्यावर पेटी, पेटीत डबा, असे कितीही पातळ्यांपर्यंत जाता येते. वस्तूच्या नोंदीत फक्त शेवटची जागा राहते. याचा खरा फायदा पेटी हलवताना दिसतो : ती पेटी माळ्यावरून पलंगाखाली गेली की एकच नोंद बदलायची, आतल्या चाळीस वस्तूंना हात लावायचा नाही. पेटी ही माझ्या दृष्टीने वस्तू नाही, जागा आहे, हे ठरवायला मला तीन संध्याकाळी लागल्या आणि तो वेळ सार्थकी लागला. अँड्रॉइडमध्ये एस्क्यूएलाइट, म्हणजे फोनमध्येच तक्ते साठवणारी प्रणाली, मुळातच असते, त्यामुळे एवढ्या कामासाठी सर्व्हर लागला नाही.

शोध सोपा असेल, असे मला वाटले होते. पण माझे माहेर नागपूरचे आणि सासर साताऱ्याचे. मी ज्याला चकलीचा साचा म्हणते त्याला सासूबाई सोऱ्या म्हणतात, आणि दोघींना आपापल्या शब्दाने वस्तू सापडली पाहिजे. म्हणून ‘दुसरी नावे’ हा रकाना पहिल्याच आवृत्तीत आला. त्याहून अवघड अडचण डोळ्यांना न दिसणारी होती. मी फोनवर ‘सोऱ्या’ अशी नोंद केली आणि नवऱ्याने लॅपटॉपवरून पाठवलेला तोच शब्द शोधात चिकटवला, तर काहीच सापडेना. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो : एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि ‘य’, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, अदृश्य असे झीरो विड्थ जॉइनर आणि मग ‘य’. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया, त्यांना एक करत नाही. नुसते जॉइनर काढून टाकण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’. म्हणून दुसरे रूप पहिल्यात बदलायचे, आणि ते नोंद साठवताना व शोधताना दोन्ही वेळी करायचे. मराठीसाठी काही करू इच्छिणाऱ्याने ही चाचणी पहिल्या दिवशीच लिहून ठेवावी.

नोंद करण्याचे श्रम कमी ठेवणे हा या प्रकारच्या ॲपचा प्राण आहे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या पहिल्या मांडणीत नाव, प्रकार, किंमत, खरेदीची तारीख, जागा आणि फोटो असे सर्व भरावे लागे. घड्याळ लावून पाहिले तर एका वस्तूला चाळीस सेकंद लागत होते. घरात चारशे वस्तू धरल्या, तरी साडेचार तासांच्या आसपास. मग फोटो, नाव आणि जागा एवढेच सक्तीचे ठेवले, आणि जागा एकदा निवडली की बदलेपर्यंत तीच राहील, असे केले; त्यामुळे एक कपाट उघडून त्यातले सर्व एका दमात नोंदवता येऊ लागले. फोटो मूळ आकारात ठेवले नाहीत. तीन एमबीचा फोटो साधारण अडीचशे केबीवर आणला, तरी सोऱ्या ओळखू येतो.

वगळलेल्या गोष्टींची कारणे मी लिहून ठेवली. बारकोडमध्ये वस्तूचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. नावासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी माहितीसाठ्यावर अवलंबून राहावे लागते, आणि आमच्या घरातल्या पितळी पातेल्यांना बारकोड नाही. किराणा रोज कमी होतो, त्याची नोंद रोज करणारे घर मला भेटलेले नाही. दोन फोनवरची नोंद एक ठेवणे हे तर स्वतंत्र शास्त्र आहे, कारण इंटरनेट नसताना दोघांनी एकच वस्तू हलवली तर कोणाचे खरे मानायचे, हे आधी ठरवावे लागते. त्याऐवजी सर्व नोंदी एका फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोय मात्र पहिल्या आवृत्तीत हवीच, कारण फोन हरवतो.

किंमत आणि बिल हे रकाने ऐच्छिक ठेवले, पण काढून टाकले नाहीत, त्यामागे चिपळूण आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या मावसभावाच्या घरात छातीपर्यंत पाणी होते, आणि पंचनाम्याच्या वेळी काय काय होते हे तो आठवून आठवून सांगत होता. विम्यातही हेच आडवे येते : १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत घरसामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते, पण त्याहून अधिक हवे असल्यास सामानाचा तपशील द्यावा लागतो. दुकानातली बिले बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात आणि वर्षा-दोन वर्षांत कोरी होतात, म्हणून बिलाचा फोटो खरेदीच्याच दिवशी काढावा.

वेळापत्रक आखताना प्ले स्टोअरचा नियम विसरू नये. ॲप प्रकाशित करण्यासाठीचे खाते उघडण्याचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी, सध्याच्या नियमानुसार, किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे बारा जण कोड संपल्यावर शोधायला निघालात, तर महिना जातो. मी सोसायटीतल्या बायकांना आणि नागपूरच्या बहिणींना आधीच सांगून ठेवले होते.

त्या चौदा दिवसांत सर्वाधिक मागणी आली ती उसन्या दिलेल्या वस्तूंची नोंद ठेवण्याची. मी नवा तक्ता आखायला घेतला होता, तेवढ्यात सासूबाईंच्या फोनवर पाहिले, तर त्यांनी जागांच्या यादीत स्वयंपाकघर आणि माळा यांच्याखाली ‘शेजारच्या काकूंकडे’ अशी एक जागा स्वतःच तयार केली होती, आणि पुरणयंत्र तिथे ठेवले होते.