पन्नाशीआधी निवृत्ती घ्यायचीय? मधल्या वर्षांचे पैसे कुठून येणार ते आधी बघा

अमेरिकेत नोकरी करणारे आपले बरेच लोक पगारातला जमेल तेवढा पैसा ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात टाकतात आणि निर्धास्त होतात. कर वाचतो, हे खरंच. पण साडेएकोणसाठ वर्षांआधी तो काढलात तर कर लागतोच, शिवाय काढलेल्या रकमेवर सहसा १० टक्के दंडही बसतो. पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसायचं असेल, तर मधली चौदा-पंधरा वर्षं खायचं काय?

इथे ‘रॉथ शिडी’ नावाची युक्ती कामाला येते. नोकरी सुटली की पगार थांबतो, कराचा टप्पा खाली येतो. मग दरवर्षी करपूर्व खात्यातला (म्हणजे ४०१(के)सारख्या, कर न भरता पैसे टाकलेल्या खात्यातला) थोडा भाग रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे कर भरून झालेल्या पैशाच्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात वळवायचा, त्या वर्षीचा कर स्वस्तात भरायचा. वळवलेली रक्कम पाच वर्षांनी दंडाशिवाय काढता येते. प्रत्येक वर्षीच्या रकमेची पाच वर्षं वेगळी मोजतात, म्हणून तारखा वहीत लिहून ठेवा.

पहिली पाच वर्षं काढायची ती साध्या ब्रोकरेज खात्यावर, म्हणजे शेअर-फंडांच्या नेहमीच्या गुंतवणूक खात्यावर. ते रिकामं असेल तर शिडीला पहिली पायरीच नाही! २०२५ मध्ये एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याचं करपात्र उत्पन्न ९६,७०० डॉलरपर्यंत असेल, तर दीर्घ मुदतीच्या (वर्षाहून जास्त ठेवलेल्या गुंतवणुकीच्या) नफ्यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर शून्य होता. मात्र रॉथमध्ये वळवलेली रक्कमही याच मर्यादेत मोजली जाते. रॉथ आयआरएमध्ये तुम्ही स्वतः भरलेली मुद्दल कधीही काढता येते. तिला शेवटपर्यंत हात लावू नका, असं माझं मत.

भारतात परतायचा बेत असेल, तर वळवावळवी निघण्याआधीच सीएला विचारून करा.