प्लेराइटसाठी ब्राउझर बसवताना

प्लेराइट हे संकेतस्थळाच्या चाचण्या खऱ्या ब्राउझरमध्ये आपोआप चालवणारं साधन. 'एनपीएम'ने (नोडची पॅकेजं आणणारी आज्ञा) '@प्लेराइट/टेस्ट' हे त्याचं पॅकेज आणलं म्हणजे ब्राउझरही आले, असं होत नाही. ते वेगळे उतरवावे लागतात. प्रकल्पाच्या फोल्डरमधून 'एनपीएक्स प्लेराइट इन्स्टॉल' चालवा. क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही येतील. चाचण्या एकाच ब्राउझरवर चालणार असतील तर आज्ञेच्या शेवटी 'क्रोमियम' एवढंच लिहा, बाकीचे दोन उगाच जागा खातात.

लिनक्सवर याच आज्ञेला 'विथ-डेप्स' हा पर्याय जोडा (आधी दोन डॅश). तो ब्राउझरला लागणाऱ्या सिस्टिम लायब्ररीही बसवतो आणि त्यासाठी 'सुडो' (मुख्य खात्याच्या, म्हणजे 'रूट'च्या, अधिकाराने आज्ञा चालवणं) स्वतःच वापरतो. सगळी आज्ञाच 'सुडो'ने चालवू नका. तसं केलं की ब्राउझर 'रूट'च्या होम फोल्डरात जाऊन बसतात आणि तुमच्या खात्यातून चालणाऱ्या चाचणीला ते दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक 'एक्झिक्यूटेबल डझन्ट एक्झिस्ट' ही. प्लेराइटची प्रत्येक आवृत्ती ब्राउझरची ठरावीक बांधणीच (बिल्ड) मागते. सहकाऱ्याने पॅकेजची आवृत्ती वाढवली, तुम्ही कोड ओढून घेतला, पण ब्राउझर जुनेच राहिले, की ही चूक येते. म्हणून आवृत्ती बदलली की इन्स्टॉल पुन्हा चालवायचंच. पॅकेज डॉटजेसनमध्ये आवृत्तीच्या आधीचं '^' चिन्ह काढून ती पक्की करून ठेवा. ब्राउझर कुठे उतरणार हे आधी पाहायचं असेल तर 'ड्राय-रन' पर्याय आहे. लिनक्सवर सहसा होममधल्या '.कॅश/एमएस-प्लेराइट'मध्ये ते जातात.

संगणकावरचा नेहमीचा क्रोम किंवा एज वापरायचा असेल तर प्लेराइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'चॅनेल' या पर्यायात त्याचं नाव द्या. फायरफॉक्सला ही सोय नाही, कारण प्लेराइट त्याची स्वतः बदल केलेली बांधणी चालवतं. वेबकिट म्हणजे सफारी नव्हे, हेही ध्यानात असू द्या: व्हिडिओसारख्या गोष्टी खऱ्या सफारीवर तपासाव्याच लागतात.

चाचण्या डॉकरच्या कंटेनरमध्ये (संगणकातल्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) चालवत असाल तर अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. फायरफॉक्स आणि वेबकिटच्या बांधण्या 'जीलिबसी' या सी लायब्ररीवर उभ्या आहेत, अल्पाइनमध्ये तिच्या जागी 'मसल' असतं. प्लेराइटची अधिकृत इमेज घ्या, पण तिची आवृत्ती पॅकेजच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळवा. क्रोमियम मधेच कोसळत असेल तर कंटेनर सुरू करताना 'आयपीसी=होस्ट' हा पर्याय द्या (आधी दोन डॅश). डॉकर सामायिक मेमरी मुळात ६४ एमबीच देतो, ती अपुरी पडते.

मराठी संकेतस्थळ तपासणाऱ्यांनी कॉन्फिगमध्ये 'लोकेल' (भाषा आणि प्रदेश) एमआर-आयएन आणि 'टाइमझोनआयडी' एशिया/कोलकाता ठेवावा, नाहीतर तारखा चाचणी चालवणाऱ्या संगणकाच्या वेळेने येतात. रिकाम्या उबंटूवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसले, तर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज बसवा. मग चाचणीच्या आज्ञेला 'अपडेट-स्नॅपशॉट्स' पर्याय देऊन, ज्यांच्याशी तुलना होते ते संदर्भाचे स्क्रीनशॉट नव्याने काढा. चौकोनांची चौकोनांशी तुलना होत राहिली तर चाचणी हिरवीच दिसेल आणि मोडलेलं जोडाक्षर सुटून जाईल.