डॅमसेल आधी नको, शेवटी आणा: खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या या चुका टाळा

खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडणारा माणूस घरी जो पहिला मासा आणतो तो बहुधा डॅमसेल कुळातला एखादा छोटा मासा असतो, आणि चार-सहा महिन्यांनी तो मला ज्या माशाची तक्रार सांगतो तोही डॅमसेलच असतो. क्लाउनफिशचे पर फाटले, गोबी दगडाखालून बाहेरच येत नाही, काल सोडलेला मासा आज सकाळी मेलेला सापडला. अशा तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत येतात, पण त्यांच्या मुळाशी तीच ती चूक असते. या मासळीची दुसऱ्या माशांवर दादागिरी करण्याची खोड मोडता येत नाही. ती कुठे आणि कधी टाकीत आणायची, एवढेच आपल्या हातात असते.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डॅमसेलकडून टाकी ‘सायकल’ करून घेणे. नव्या टाकीत माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि या दोघांची वस्ती दगडांवर व फिल्टरमध्ये पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात; यालाच टाकी सायकल होणे म्हणतात. हा काळ निभावून नेईल असा स्वस्त आणि चिवट मासा म्हणून डॅमसेल टाकण्याचा सल्ला जुना आहे आणि अजूनही दुकानात सर्रास दिला जातो. मासा निभावतो हे खरे, परंतु अमोनियाने कल्ले भाजत निभावतो. शिवाय त्या दीड महिन्यात रिकाम्या टाकीचा प्रत्येक दगड, प्रत्येक फट त्याने स्वतःच्या नावावर करून घेतलेली असते. नंतर येणारा प्रत्येक मासा त्याच्या दृष्टीने घुसखोर ठरतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दादरच्या घरात मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी मांडली, तेव्हा एका दुकानदाराच्या सांगण्यावरून पहिला मासा म्हणून डॉमिनो जातीचा डॅमसेल आणला. शर्टाच्या बटणाएवढा, मखमली काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके. मुले त्याच्यावर खूश होती. हाच मासा वाढून चौदा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि वयानुसार त्याचे ते ठिपकेही पुसट होत जातात, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दीड वर्षात त्याने डाव्या बाजूच्या मोठ्या दगडाखालची वाळू शेपटीने उडवून स्वतःपुरती खोली खणली होती, आणि टाकीपाशी कान नेला की इतर माशांना हुसकावताना त्याने केलेली बारीक टकटक स्पष्ट ऐकू येई. क्लाउनफिशची जोडी आणली, तिच्यातला लहान मासा नवव्या दिवशी गेला. त्यानंतर आणलेला फायरफिश त्याच रात्री झाकणाच्या फटीतून उडी मारून फरशीवर वाळून पडला. काच धुताना माझ्या मनगटालाही तो येऊन धडका देई.

शेवटी एका रविवारी त्याला बाहेर काढायचे ठरवले. जाळे दिसताच तो दगडात शिरे आणि जाळे बाहेर आले की पुन्हा काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत राही. अर्धा तास हा खेळ झाल्यावर मी एकेक दगड काढायला सुरुवात केली. दगड ठेवायला बादल्या कमी पडल्या म्हणून घरातले टोप, धुण्याची घमेली, सगळे दिवाणखान्यात आले. टाकीचे तीन चतुर्थांश पाणी उपसल्यावर, शेवटचा दगड उचलल्यावर तो हाती लागला, तेव्हा सकाळी नऊला सुरू झालेल्या कामाला दुपारचे तीन वाजले होते. घरात त्या दिवशी माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही. दुकानदाराने तो परत घेतला नाही, त्यामुळे पुढची कित्येक वर्षे डॉमिनो माझ्याकडेच दोन फुटी टाकीत एकटा, राजासारखा राहिला.

तेव्हापासून मी टाकी सायकल करायला मासा वापरत नाही. सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा मलमलीच्या कापडात बांधून टाकीत कुजायला सोडतो, एक दिवसाआड टेस्ट किटने अमोनिया व नायट्राइट मोजतो, आणि दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच टिकल्याशिवाय एकही मासा आणत नाही. वास येतो, घरचे कुरकुरतात, हे मान्य. परंतु शनिवारी टाकी भरून रविवारी कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला मासे आणायला निघणाऱ्यांची मला खरोखर कीव येते. बाटलीतले जिवाणू विकत घेऊन ‘आता लगेच मासे सोडता येतील ना?’ असे विचारणाऱ्यांनी मासे पाळण्यापेक्षा माशांचे पोस्टर लावावे.

दुसरी लाडकी चूक म्हणजे ‘एकाऐवजी तीन-चार आणा, भांडण आपसांत वाटून जाईल’ हा हिशेब. माझ्या भाच्याने बोरिवलीला चार काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे हंबग डॅमसेल आणले, ते त्याच्या अडीच फुटी टाकीत. पहिले दोन महिने तो मला उत्साहाने फोटो पाठवी. चौथ्या महिन्यात फोन आला, “मामा, एकच उरलाय.” मी विचारले, “बाकीचे काय झाले?” “एकेक करून गेले. पण जो राहिलाय तो एकदम ठणठणीत आहे.” ठणठणीत असणारच, कारण बाकीच्या तिघांना त्यानेच संपवले होते. समुद्रात हे मासे फांद्यांच्या प्रवाळाच्या एकेका झुडपाभोवती गटाने राहतात आणि त्या गटात मोठ्या-धाकट्याची उतरंड असते. सर्वांत मोठा मासा बहुधा नर असतो, आणि तो नाहीसा झाला तर त्याच्या खालची मादी पुढे नर होते. तिथे मार खाणारा मासा दोन हात लांब पळाला की भांडण तिथेच संपते. अडीच फुटी काचेत पळायला जागाच नसते, म्हणून ते मार खाणारा मरेपर्यंत चालते. हिरवट-निळ्या क्रोमिसच्या थव्याचेही घरगुती टाकीत पुष्कळदा असेच होते, जरी क्रोमिस या घराण्यातला पुष्कळच सौम्य मासा असला तरी.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. सर्व डॅमसेल एकाच मापाने मोजू नका: यलोटेल निळा त्यातल्या त्यात समजूतदार, ब्लू डेव्हिल नावाप्रमाणे, आणि डॉमिनो किंवा अंगावर उभे पट्टे असलेला सार्जंट मेजर लहान टाकीसाठी अजिबात नाही. क्लाउनफिशही याच कुळातला आहे, त्यामुळे तो गरीब स्वभावाचा आहे अशा भ्रमात कोणी राहू नये. डॅमसेलला धाक बसावा म्हणून ट्रिगरफिश आणणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे. नकोसा झालेला मासा गिरगाव चौपाटीवर किंवा बँडस्टँडला नेऊन समुद्रात सोडू नका. टाकीतले रोग समुद्राला देण्याचा अधिकार आपल्याला नाही. उपाशी डॅमसेल अधिक भांडतो, म्हणून दिवसातून एकदा भरपूर खाद्य देण्यापेक्षा दोन-तीनदा थोडे थोडे द्या आणि त्यात शेवाळयुक्त खाद्यही असू द्या.

दगडांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल. खरे प्रवाळ विकत घेऊ नका, कोणी ‘ऑर्डरवर देतो’ म्हणाला तरीही. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते बाळगणे हा गुन्हा आहे. माझ्या टाकीत भाजलेल्या सिरॅमिकचे दगड आहेत. ते एकावर एक रचून एकच मोठा ढीग करण्याऐवजी दोन-तीन वेगळे ढीग करावेत, मध्ये मोकळी वाळू ठेवावी, आणि प्रत्येक कपारीला दोन तोंडे राहतील असे पाहावे. एकाच तोंडाच्या बिळात शिरलेल्या माशाला डॅमसेल दारातच अडवतो.

मुंबईच्या उन्हाळ्यात निदान करतानाही गफलत होते. एप्रिल-मे महिन्यात चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसलेल्या टाकीचे पाणी सहज तिशीपार जाते, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि मासे वरच्या थरात येऊन धापा टाकतात. अशा वेळी सगळेच मासे वर आले असतील तर पंखा लावा, पाण्याची खळबळ वाढवा आणि आटलेल्या पाण्याच्या जागी मीठ न घातलेले आरओचे पाणीच घाला. परंतु एकटाच मासा हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात चिकटून बसला असेल आणि त्याच्या शेपटीच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत असतील, तर तो आजारी नाही, त्याला बाहेर येऊ दिले जात नाही. त्याला औषध पाजू नका. खाद्य टाकून पाच मिनिटे टाकीपासून दूर उभे राहून पाहा, कोण कोणावर धावतो ते लगेच कळते.

डॅमसेल पाळायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी, एकच आणि लहान आकाराचा आणावा. चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची वगैरे लक्षणे दिसत नाहीत याची खात्री करावी, कारण हा चिवट मासा स्वतः तगतो आणि रोग इतरांना देतो. मग दिवे बंद करून त्याला सोडावे. आधीपासून दादागिरी करणारा डॅमसेल टाकीत असेल आणि नवा मासा आणायचा असेल, तर मी जुन्यालाच भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीत चार-पाच दिवस टाकीतच टांगून ठेवतो आणि त्या अवधीत सगळे दगड हलवतो, म्हणजे बाहेर आल्यावर त्याला नवी जागा शोधावी लागते.

आणि असा दादागिरी करणारा डॅमसेल पकडायला दगड उपसत बसू नका. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा गळ्याकडचा भाग कापून तो उलटा करून बाटलीतच नरसाळ्यासारखा बसवा, बूच काढून टाका, बाजूंना गरम सुईने भोके पाडा, तळाशी एक गारगोटी ठेवा आणि बाटलीला दोरी बांधून ती त्याच्या बिळासमोर आडवी करा. पहिले दोन दिवस तो तिच्यावर फक्त धडका देईल. तिसऱ्या दिवशी सकाळचे खाद्य बाहेर न टाकता कोळंबीचा तुकडा फक्त बाटलीत ठेवा आणि दोरीचे टोक हातात धरून बसा. आत शिरला की क्षणभर थांबा, त्याचे तोंड तुकड्यात गुंतू द्या, मग दोरी ओढून बाटली तोंड वर करून पाण्याबाहेर काढा.