चुलीवर कॉफी भाजताना

चिखलदऱ्याच्या असोत की कूर्गच्या, कॉफीच्या हिरव्या बिया कढईत एका वेळी 200 ग्रॅमच घ्या. जास्त टाकल्या की खालच्या करपतात, वरच्या कच्च्या राहतात. पऱ्हाटीचा जाळ भडकतो नि लगेच बसतो. बाभळीचे निखारे बरे. लोखंडी कढई आधी तापवा, बिया टाका आणि उलथनं थांबवू नका.

पाचेक मिनिटांत बिया पिवळ्या पडतात, वाळल्या गवतासारखा वास येतो. मग तपकिरी होतात आणि नवव्या-दहाव्या मिनिटाला ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू होतो. 15 मिनिटं होऊनही काही ऐकू येत नसेल तर आच मंद आहे. अशी कॉफी सपक लागते. तडतड सुरू झाली की थोडे निखारे ओढून घ्या, ती थांबली की मिनिटभरात उतरवा. दुसरी, बारीक तडतड आली, बियांवर तेल चमकलं, म्हणजे कडूपणा येणारच. दूध-साखरवाल्यांना तोही चालतो म्हणा.

उतरवलेल्या बिया कढईत ठेवू नका, भाजतच राहतात. सुपात ओतून अंगणात पाखडा. फोलपटं उडतात, बिया निवतात. 200 ग्रॅमच्या साधारण 170 भरतात. रात्रभर झाकण सैल ठेवून आतला वायू निघू द्या, मगच बरणी घट्ट लावा.