विश्वासात टिकायचंय ना? मग या चुका टाळा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो, गेली एकवीस वर्षं तो मी घेतोय. नगर जिल्ह्यातलं गाव, पंधरा-वीस माणसं, खाली सतरंजी. एवढ्या वर्षांत कितीतरी जण जोरात आले आणि गुपचूप यायचे बंद झाले. मी त्यांच्या घरी जातो, बसतो, विचारतो, त्यामुळे का बंद झाले ते बहुतेकांचं मला माहितीये. आणि कारणं तीच ती असतात हो, दर वर्षी तीच.

सगळ्यात आधी एक जानेवारीवाले. वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढणार! बायबलमध्ये ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-साडेतीन अध्याय आले. पहिलं पुस्तक उत्पत्ती मजेत जातं, दुसऱ्या निर्गमातला तांबडा समुद्र पण जातो, मग पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि जानेवारी संपता संपता माणूस तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, पोचतो, अर्पणं, चरबी, गुर्दे, कोडाचे नियम. तिथे चार दिवस सुटले की तेरा अध्याय मागे राहिले, ते रविवारी एकदम भरून काढायचे ठरवतात, रविवारी पाहुणे येतात, आणि फेब्रुवारीत पुस्तक कपाटावर. वर मनात बोच राहते ती वेगळीच, की आपल्याला साधं बायबल वाचणं जमत नाही. अरे, लेवीय वाईट नाहीये, नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र समजायचं तर ते लागतंच, पण पोहायला शिकायचं म्हणून कुणी पहिल्याच दिवशी धरणात उडी मारतं का?

मी नवीन माणसाला मार्कचं शुभवर्तमान वाचायला देतो, येशूच्या जीवनाचं बायबलमधलं छोटं पुस्तक. सोळा अध्याय. रोज एक, मोठ्याने वाचायचा, घरात कुणी ऐकत असेल तर ऐकू दे. वहीत एक ओळ लिहायची, काय कळलं नाही ते लिहिलं तरी चालेल. संपला की परत पहिल्यापासून, तिसऱ्या वाचनात माणूस प्रश्न विचारायला लागतो. आणि एक दिवस सुटला तर सुटला, तो भरून काढायचा नाही, आजचा वाचायचा. मोबाईलवर वाचू नका असं मी सांगतो, पुष्कळांना ते जुनाट वाटतं, पण वचनाच्या वरच नोटिफिकेशन येतं तेव्हा बोट कुठे जातं ते मी डोळ्याने बघितलंय.

स्टेटसला वचन टाकणं म्हणजे वचन वाचणं नाही. यावर जास्त काही लिहित नाही.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त छळते तिच्याबद्दल. सभेत जी ऊब मिळते तिलाच विश्वास समजायचं, आणि नुकत्याच पेटलेल्या माणसाला लगेच स्टेजवर चढवायचं. ही चूक नवीन माणसाची निम्मी आणि आम्हा जुन्यांची निम्मी.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक मुलगा, बावीसेक वर्षांचा, मे महिन्यात शिबिराला गेला. तीन रात्री संजीवन सभा, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या सभा, शेवटच्या रात्री तो पुढे गेला, गुडघ्यावर पडून रडला, आणि घरी आला तो वेगळाच. दारू सुटली, आईशी नीट बोलायला लागला. ते खरं होतं, मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन की खरं होतं. मग आम्ही काय केलं, तर पुढच्याच रविवारी त्याला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. मग शेजारच्या मंडळीत, मग तरुण संघाच्या मेळाव्यात, मग आणखी कुठे. दोनदा तर मीच त्याला गाडीवर मागे बसवून घेऊन गेलोय. तीच साक्ष, दर वेळी थोडी जास्त जोरात, कारण लोकांना तेच ऐकायचं होतं आणि टाळ्याही त्यालाच पडत होत्या. पोळ्याच्या सुमारास एका रात्री तो परत प्यायला. एकदाच. पण ज्याने इतक्या मंडळ्यांत सुटली म्हणून सांगितलंय, तो परत प्यायलो हे कुणापाशी बोलणार? तो यायचाच बंद झाला. दोन वर्षं फोन उचलला नाही, मला बघितलं की गल्ली बदलायचा.

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्याला पत्रात स्पष्ट लिहिलंय की नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नको, तो फुगेल आणि पडेल. हे मी स्वतः बुधवारी शिकवलेलं होतं. आणि येशूने सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट तर आम्हा जिरायती भागातल्या लोकांना वेगळी समजवायची गरजच नाही. मुरमाड रानात माती पातळ म्हणून कोंब लवकर वर येतो, बघणारा खूश होतो, आणि ऊन चढलं की तोच आधी करपतो. काळ्या रानातली ज्वारी थंडीत वर पाऊस नसतानाही उभी राहते ती खालच्या ओलीवर. ती ओल धरायला वेळ लागतो, तिथे पी हळद अन् हो गोरी चालत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देतो. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. किती हुशार बाई, संस्कृत शास्त्रं पाठ. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की पुढे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! आणि त्या आठ वर्षांत त्यांनी काम सोडलं नाही, १८८९ ला विधवांसाठी शारदा सदन त्यांनी याच काळात काढलं. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या, १९२१ ला मुलगी मनोरमा वारली तरी ते काम खाली ठेवलं नाही, १९२२ ला स्वतः गेल्या. आणि आमच्याकडे तीन महिन्यांत माणूस विचारतो, काका, मला अजून काही फील होत नाही.

तर माझा नियम आता असा आहे. नवीन माणूस एक वर्ष स्टेजवर जाणार नाही, पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, सांगितलं तरी मी हात जोडून नाही म्हणतो. त्याला काम द्यायचं. सतरंज्या घालणं, चहा, ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीवर आणणं. आणि ज्याच्यापाशी पडलो असं सांगता येईल असा एक तरी माणूस त्याला जोडून द्यायचा.

तो मुलगा परत आला, पण माझ्यामुळे नाही. आमच्या मंडळीतल्या एक आजी उपासना सुटली की त्याच्या घरावरून जायच्या, ओट्यावर बसायच्या, पाणी मागायच्या, पिऊन निघायच्या. दर रविवारी, दोन वर्षं. मंडळीचं नाव एकदाही काढलं नाही त्यांनी. एका बुधवारी तो येऊन दाराजवळ बसला. आता प्लंबिंगची कामं करतो, चर्चची टाकी त्यानेच बसवली, आणि साक्ष त्याच्याकडे कुणी मागत नाही.

पाप घडलं म्हणून रविवारची उपासना चुकवणं ही या चुकीचीच धाकटी बहीण. येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं, तरी योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तो बाकीच्या शिष्यांबरोबरच होडीत आहे, एकटा कुठे तोंड लपवून बसलेला नाही. आणि येशूने आधी काय केलं, तर निखाऱ्यावर मासे भाजून न्याहारी दिली. बोलणं त्यानंतर.

नोकरी लागली तर देवळात हे देईन ते देईन, हा नवस झाला, प्रार्थना नाही.

भांडण झालं की मंडळी बदलणारेही पुष्कळ. तिसऱ्या मंडळीतही माणसंच भेटतात.

आणि प्रार्थना कोरडी पडली की विश्वास गेला असं समजू नका. माझी आई गेली त्या वर्षी सात महिने माझ्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती, अभ्यास घ्यायचो आणि घरी येऊन गप्प बसायचो. तेव्हा मी स्तोत्र तेरावं धरलं, सहाच ओव्या, त्यात दावीद पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा देवाला विचारतो की किती काळ. रोज रात्री तेवढंच, उधार शब्द. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि खूप थकला असाल तर आधी झोपा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं.

मागच्या बुधवारी एक सून थांबली, म्हणाली, काका, सहा महिने रोज वाचते, मला माझ्यात काहीच फरक दिसत नाही. मी म्हटलं, पोरी, सासूबाईंशी बोलतेस का? म्हणाली, हो, दिवाळीपासून बोलतोय आम्ही, त्याचं काय? मी तिला मार्कच्या चौथ्या अध्यायातलं सव्विसाव्या ओवीपासूनचं वाचायला लावलं. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, बी वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. तिने दोनदा वाचलं आणि वहीत लिहून घेतलं.