एसक्यूएल सर्व्हर उठायला वेळ लावतोय? लॉग फाइलचे तुकडे मोजा

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरला पॅच लावला, सर्व्हर रीस्टार्ट केला, सर्व्हिस लगेच उभी राहिली. पण एक डेटाबेस नावापुढे ‘इन रिकव्हरी’ (अजून सावरतोय, उघडलेला नाही) लावून बसलाय. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, फोन वाजायला लागले. अशा वेळी डिस्क, मेमरी, नेटवर्क अशा सगळ्यांवर संशय घेऊन होतो आणि ट्रान्झॅक्शन लॉगची, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइलची, आठवण शेवटी येते. मी हल्ली तिथूनच सुरुवात करतो.

लॉग फाइल डिस्कवर एकसंध दिसते, पण आतून तिचे तुकडे असतात. त्यांना व्हीएलएफ, म्हणजे व्हर्च्युअल लॉग फाइल म्हणतात. फाइल वाढली की नवे तुकडे पडतात: वाढ ६४ एमबीपेक्षा कमी असेल तर ४ (२०२२ च्या आवृत्तीपासून १), त्यापुढे १ जीबीपर्यंत ८ आणि त्याहून मोठी असेल तर १६. २०१४ च्या आवृत्तीपासून एक सुधारणा झाली. वाढ फाइलच्या त्या वेळच्या आकाराच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असेल, तर आता एकच तुकडा पडतो. जुन्या नियमाने १ एमबीच्या पावलांनी २० जीबीपर्यंत गेलेल्या लॉगमध्ये ऐंशी हजारांवर तुकडे साचतात, आणि डेटाबेस उघडताना ते एकूण एक तपासावे लागतात. नव्या आवृत्तीवर गेल्याने हा साठा कमी होत नाही. डेटाबेसबरोबर तोही जसाच्या तसा येतो.

तेव्हा आधी मोजा. त्या डेटाबेसमध्ये ‘डीबीसीसी लॉगइन्फो’ चालवा (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची). जितक्या ओळी येतील तितके तुकडे. २०१६ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून यासाठी ‘डीएम डीबी लॉग इन्फो’ हे फंक्शनही आहे. शे-दोनशे ओळी आल्या तर इथे हात लावू नका, दुखणं दुसरीकडे आहे. आकडा हजारांत गेला तर पुढे चला.

एरर लॉगही वाचा. रिकव्हरी पूर्ण झाल्याच्या ओळीत अ‍ॅनॅलिसिस, रीडू (लॉगमधले बदल पुन्हा लावणं) आणि अनडू (अपुरे बदल मागे घेणं) यांना किती मिलिसेकंद लागले ते लिहिलेलं असतं. अनडूचा आकडा मोठा असेल तर कुणाचं तरी लांबलेलं ट्रान्झॅक्शन मागे घेण्यात वेळ गेलाय. तुकडे कमी करून ते सुटणार नाही. २०१९ पासून आलेली अ‍ॅक्सिलरेटेड डेटाबेस रिकव्हरी नेमकी त्या दुखण्यावर आहे.

आता दुरुस्ती. वर्दळ कमी असलेली वेळ निवडा आणि लॉगचा बॅकअप घ्या. मग ‘डीबीसीसी श्रिंकफाइल’ने लॉग फाइल शक्य तितकी लहान करा. पहिल्या फटक्यात ती बहुधा हटत नाही, कारण वापरात असलेला तुकडा शेवटाला असेल तर त्याच्या अलीकडचं काही कापता येत नाही. पुन्हा बॅकअप, पुन्हा श्रिंक. दोन-तीन फेऱ्या होतात. तरीही अडलं तर ‘सिस डेटाबेसेस’मधला ‘लॉग रीयूज वेट डेस्क’ हा रकाना बघा. लॉग मोकळा का होत नाही ते तिथे कळतं: बॅकअप राहिलाय, ट्रान्झॅक्शन उघडं आहे की रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) मागे पडली आहे.

या टप्प्यावर वैतागून रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपून ठेवायचा ही सेटिंग) ‘सिंपल’ करायचा मोह होतो. लॉग चटकन मोकळा होतो, पण लॉग बॅकअपची साखळी तुटते आणि फुल (संपूर्ण) किंवा डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतरच्या बदलांचा) बॅकअप घेईपर्यंत तुम्ही उघड्यावर असता. आणि लॉग फाइल हाताने उडवण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्याकडून पुन्हा सल्ला घेऊ नका.

लहान झालेली फाइल आता स्वतःच वाढवा. ‘ऑल्टर डेटाबेस’मधल्या ‘मॉडिफाय फाइल’ने तिला लागणारा आकार द्यायचा. तो किती, हे अंदाजाने ठरवू नका. आठवडा-दोन आठवडे लॉग किती भरलाय ते दाखवणाऱ्या ‘डीबीसीसी एसक्यूएलपर्फ लॉगस्पेस’ची नोंद ठेवा. इंडेक्स रीबिल्डच्या रात्री जे शिखर दिसेल, त्याच्या थोडं वर थांबा. शिखर ३० जीबी असेल तर ८, १६, २४, ३२ अशा पायऱ्यांनी चढा. प्रत्येक पायरीला अर्ध्या जीबीचे १६ तुकडे मिळतात, म्हणजे एकूण ६४ आणि श्रिंकनंतर उरलेले मूठभर. ६४ जीबीच्या पुढे मात्र ८ जीबीची वाढ एक अष्टमांशाच्या खाली जाते आणि २०१४ पासूनच्या आवृत्त्यांत अख्खा ८ जीबीचा एकच तुकडा पडतो, तो मोकळा व्हायला फार वेळ घेतो.

राहिली ऑटोग्रोथ, म्हणजे फाइल भरली की ती आपोआप वाढणं. मधेच सगळं गोठण्याचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं. डेटा फाइल झटपट वाढू शकते, पण लॉगची नवी जागा आधी शून्यांनी भरावी लागते आणि तोवर लिहिणारे सगळे ताटकळतात. २०१६ पूर्वी लॉगची मूळ सेटिंग १० टक्के होती. १०० जीबीच्या लॉगला ती एका दमात १० जीबी वाढवते. डिस्क सेकंदाला २०० एमबी लिहीत असेल, तरी जवळपास ५० सेकंद सगळं ठप्प. म्हणून टक्के काढून ठरावीक एमबी द्या. मध्यम सर्व्हरवर मी २५६ किंवा ५१२ ठेवतो. २०२२ च्या आवृत्तीत ६४ एमबीपर्यंतची ऑटोग्रोथ शून्यं न भरताही होऊ शकते, त्यामुळे तिथे मूळची ६४ एमबी बदलायची घाई नको. ऑटोश्रिंक चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर फाइल पुन्हा लहान होईल आणि पुन्हा वाढेल. मॅनेजमेंट स्टुडिओच्या ‘डिस्क युसेज’ रिपोर्टमध्ये प्रत्येक वाढ कधी झाली आणि किती वेळ चालली ते दिसतं. महिनाभराने तिथे एखादीच ओळ असावी.

जागा आहे म्हणून लॉगला २०० जीबी देऊन टाकू नका. तो डेटाबेस नव्या मशीनवर रिस्टोअर करायची वेळ आली, की हे २०० जीबी पुन्हा शून्यांनी भरेपर्यंत तुम्ही वाट पाहत बसाल.