टाकीत पाणी किती? पार्टिकल फिल्टर पायरीपायरीने

नळ उघडा असला तरी टाकी एकसारख्या वेगाने रिकामी होत नाही. भरलेली असताना धार जोरात पडते, तळ जवळ येतो तशी ती मंदावते. तोरिचेल्लीच्या नियमानुसार धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हे वर्गमूळ आलं की प्रणाली अरेषीय झाली, म्हणजे उंची आणि वेग यांचा आलेख सरळ रेषेत राहिला नाही. त्यात सेन्सर चुकतो आणि नळ किती उघडा आहे हेही ठाऊक नसतं. अशा वेळी ‘पातळी ६२ सेंटिमीटर’ या एका आकड्यापेक्षा ‘बहुधा ६० ते ६४’ हे उत्तर जास्त कामाचं. ते काढायची सर्वांत सरळ रीत म्हणजे पार्टिकल फिल्टर: शेकडो अंदाज (कण) एकदम चालवायचे आणि सेन्सरशी जुळतील ते ठेवायचे. गॉर्डन, सॅल्मंड आणि स्मिथ यांनी १९९३ मध्ये मांडलेली रीतच इथे वापरली आहे.

उदाहरणाला नागपुरातल्या गच्चीवरची साधारण हजार लिटरची टाकी घेऊ: तळाचं क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटर, पाण्याची कमाल उंची १.१ मीटर, तळाशी १५ मिलिमीटर व्यासाचा नळ. झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा, गणित पायथनमध्ये करायचं.

आधी उन्हाचा हिशेब

हा सेन्सर आवाज परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. हवेतला आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना ३५८ च्या वर जातो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, झाकणाखालची हवा याहूनही तापते. प्रोग्रॅममध्ये ३४३ च ठेवला, तर ४५ अंशांना एक मीटरचं अंतर ९६ सेंटिमीटरच्याही किंचित खाली दिसतं आणि टाकीत चार सेंटिमीटर पाणी उगाच वाढतं. ही चूक कायम एकाच बाजूला झुकलेली असते, म्हणून इथला फिल्टर ती काढू शकत नाही. फिल्टर फक्त इकडेतिकडे उडणारी चूक गाळतो. तेव्हा झाकणाखाली तापमानाचा सेन्सर बसवा आणि वेग ‘३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान’ या सूत्राने दर वाचनाला नव्याने काढा. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पायरी १: चूक मोजा

नळ बंद ठेवून २०० वाचनं घ्या आणि त्यांचं प्रमाण विचलन (ती सरासरीभोवती किती विखुरली आहेत ते) काढा. इथे ते एक सेंटिमीटर धरू. टाकीच्या भिंतीवरून आलेल्या प्रतिध्वनीमुळे एखादं वाचन वीस-तीस सेंटिमीटरने चुकतं. म्हणून चुकीसाठी नेहमीचं घंटेच्या आकाराचं प्रसामान्य वितरण न घेता स्टुडंटचं टी-वितरण घ्या, मुक्ततेचे अंश (त्याचा आकार ठरवणारा आकडा) ४. त्याच्या शेपट्या जाड असतात, म्हणजे मोठी चूकही ते शक्य धरतं, त्यामुळे एका भलत्या वाचनाने सगळे कण भरकटत नाहीत.

पायरी २: कण पेरा

एक कण म्हणजे एक अंदाज, त्यात दोन आकडे: पाण्याची उंची आणि नळाचा गुणांक (तोरिचेल्लीच्या हिशेबाने येणाऱ्या प्रवाहाचा किती भाग खरोखर बाहेर पडतो). असे १००० कण घ्या. उंची ० ते १.१ मीटर, गुणांक ० ते ०.८, दोन्ही समान संभाव्यतेने. पूर्ण उघड्या, तीक्ष्ण कडेच्या छिद्राचा गुणांक ०.६ च्या आसपास असतो, बंद नळाचा शून्य.

पायरी ३: पुढे ढकला

दर १० सेकंदांनी प्रत्येक कणाची उंची त्याच्याच गुणांकाने उतरवा. गुणांक ०.६ आणि उंची एक मीटर असेल तर सेकंदाला ०.४७ लिटर पाणी जातं, म्हणजे दहा सेकंदांत पातळी सुमारे ५ मिलिमीटर उतरते. पंचवीस सेंटिमीटरवर हाच वेग निम्मा होतो. मग उंचीत २ मिलिमीटर आणि गुणांकात ०.०१ प्रमाण विचलनाचा यादृच्छिक धक्का मिसळा. उंची शून्याखाली गेली तर शून्यावर आणा, नाहीतर ऋण संख्येचं वर्गमूळ निघून प्रोग्रॅम कोसळतो. गुणांकालाही ० ते ०.८ मध्येच अडवा.

घरात कोणी मधेच नळ बंद करतं. त्यासाठी दर पायरीला शंभरातल्या एका कणाचा गुणांक नव्याने पेरा. हे केलं नाही तर सगळे कण जुन्याच गुणांकाला चिकटतात आणि नळ बंद झाल्यावरही फिल्टर पाणी उतरवत राहतो.

पायरी ४: वजन द्या

वजन म्हणजे तो अंदाज किती पटतो याचा आकडा. सेन्सरचं वाचन ज्या कणाशी जुळतं त्याचं वजन वाढवा. वजनं लॉगरिदममध्ये ठेवा आणि घातांक घेण्याआधी सर्वांतून सर्वांत मोठं वजा करा. थेट गुणाकार करत गेलात तर काही वेळात सगळी वजनं शून्य होतात. वाचन आलंच नाही तर ही पायरी सोडा, फक्त कण पुढे ढकला. उत्तराचा पट्टा (‘६० ते ६४’ सारखा) आपोआप रुंदावेल आणि तसाच तो रुंदावायला हवा.

पायरी ५: रीसॅम्पलिंग

वजनांची बेरीज १ करा. त्यांच्या वर्गांच्या बेरजेने एकाला भागलं की कणांची प्रभावी संख्या मिळते. ती ५०० च्या खाली गेली तरच वजनदार कणांच्या प्रती काढा आणि हलके टाका. एकाच यादृच्छिक संख्येवरून समान अंतराने निवड करणारी पद्धत वापरा, तिच्यात निवडीची अस्थिरता कमी असते. प्रती काढल्या की सगळी वजनं पुन्हा सारखी करा. पहिल्याच वाचनाला प्रभावी संख्या ३०-४० वर येईल. त्यात काही बिघडलेलं नाही, कण पूर्ण उंचीभर पेरले होते म्हणून तसं होतं. पण पुढेही ती वारंवार दहाच्या आत येत असेल तर सेन्सरची चूक फार कमी धरली आहे. एका सेंटिमीटरऐवजी एक मिलिमीटर लिहिणं ही नेहमीची चूक. कण वाढवण्याआधी तो आकडा तपासा.

उत्तर म्हणून सरासरीबरोबर ५ आणि ९५ शततमकही छापा, म्हणजे ज्या आकड्यांच्या खाली ५ आणि ९५ टक्के वजन येतं ते. त्यांच्या मधला भाग हा ९० टक्क्यांचा पट्टा. नळ नुकताच बंद झाला असेल तेव्हा कणांचे दोन गट पडतात आणि गुणांकाची सरासरी त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत येते. म्हणून आलेख पाहिल्याशिवाय सरासरीवर भिस्त ठेवू नका.

तपासणी

खऱ्या टाकीआधी संगणकातच खोटी टाकी चालवा, तिथली खरी पातळी तुम्हाला माहीत असते. अशा ५० फेऱ्यांत ती ९० टक्क्यांच्या पट्ट्यात साधारण ९० टक्के वेळा सापडली पाहिजे. साठच टक्के सापडली तर फिल्टर फाजील आत्मविश्वास दाखवतोय, धक्क्यांचं प्रमाण वाढवा. जवळपास शंभर टक्के सापडली तर पट्टा गरजेपेक्षा रुंद आहे.

अशाच अंदाजांसाठी प्रसिद्ध असलेला काल्मनचा १९६० चा फिल्टर का नको? त्याचं विस्तारित रूप भरलेल्या टाकीवर उत्तम चालतं आणि गणितही कितीतरी कमी लागतं. पण ते वक्राच्या जागी स्पर्शरेषा धरतं, आणि शून्याजवळ वर्गमुळाची स्पर्शरेषा जवळजवळ उभी होते. म्हणजे तळ जवळ आला, माहितीची खरी गरज पडली, की तिथेच ते घसरतं.

नागपुरातल्या अंबाझरीसारख्या तलावाला हीच रीत लावायची तर पायरी ३ बदला. सांडव्यावरून जाणारा प्रवाह माथ्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो आणि पाणी माथ्याखाली असताना तो शून्य धरायचा. शिवाय उंची आणि गुणांक (आता नळाऐवजी सांडव्याचा) यांच्याबरोबर पावसाने येणारी आवक हा तिसरा आकडा प्रत्येक कणात घाला. तीन आकड्यांना हजार कण अपुरे पडतात, पाच हजारांपासून सुरुवात करा.